पैसे हवेत, वेळ हवा आणि आपल्या हाताची पकडही हवी: ठाणेकरांना आवाहन

सस्नेह नमस्कार,

आपल्या ज्येष्ठ नागरिक संघाने आजवर वॉकर, चष्मे, मोतीबिंदूची शिबिरं यांसाठी हात पसरला आणि ठाणेकरांनी तो कधी रिकामा परत पाठवला नाही. यंदाची मागणी जरा वेगळी आहे. हाडं आणि स्नायू यांवर संशोधन करू पाहणाऱ्या तरुण डॉक्टरांच्या आणि शास्त्रज्ञांच्या प्रशिक्षणासाठी निधी उभा करायचा आहे. "ते सरकारचं काम, आपण कशाला पडायचं त्यात?" हा प्रश्न कार्यकारिणीतही आला, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

म्हातारपणी खुबा मोडला की पुष्कळदा मांडीच्या हाडाचा वरचा गोल काढून तिथे कृत्रिम गोल बसवतात. काढलेला गोल पिवळ्या पिशवीत जातो आणि पिशवी जाळायला जाते. जैववैद्यकीय कचऱ्याचा नियमच तसा आहे आणि तो योग्यही आहे. पण रुग्णाची लेखी संमती आणि एथिक्स कमिटीची (संशोधनात रुग्णांचं हित जपलं जातं ना हे पाहणाऱ्या समितीची) परवानगी घेऊन तोच गोल कापून तपासला, तर आतली नाजूक जाळी दिसते. कुठे ती विरळ झाली, कुठे तुटली, जुनं हाड पोखरणाऱ्या पेशी नवं हाड घडवणाऱ्या पेशींना किती भारी पडल्या, हे त्यातून कळतं. निवासी डॉक्टर हा गोल हातात धरतो, पण तो वाचायला त्याला कुणी शिकवलेलं नसतं. पेशींवर पीएचडी करणाऱ्या मुलीला तो वाचता येतो, पण तिने अस्थिरोग विभागात पाऊल टाकलेलं नसतं. या दोघांना एका टेबलाशी बसवायचं, एवढंच खरं तर आपलं काम.

एमएस, म्हणजे शस्त्रक्रियेतलं पदव्युत्तर शिक्षण, करणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला प्रबंध लिहावाच लागतो. पण रात्रपाळी, ओपीडी आणि ऑपरेशन थिएटर यांतून उरलेल्या वेळात तो कसातरी उरकला जातो. त्यात मुलांचा दोष नाही.

दुसरी अडचण मोजपट्टीची. हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीच्या कागदावर 'उणे 2.5' दिसलं, म्हणजे हाडं ठिसूळ ठरली, की आपण धास्तावतो. ही रेषा जागतिक आरोग्य संघटनेने 1994 मध्ये आखली, ती गोऱ्या स्त्रियांच्या माहितीवरून. स्नायूंच्या अशक्तपणाचे, म्हणजे सार्कोपेनियाचे, आशियाई निकष 2019 मध्ये सुधारले गेले. त्यांनुसार हाताची पकड पुरुषांत 28 किलोपेक्षा आणि स्त्रियांत 18 किलोपेक्षा कमी असेल तर ती कमजोर धरतात. हात छातीवर घडी घालून खुर्चीतून पाच वेळा उठा-बसायला 12 सेकंद किंवा जास्त लागले, तरी पुढची तपासणी सुचवतात. (करून बघा, पण खुर्ची भिंतीला टेकवून आणि घरात कुणी असताना!) हे आकडे चीन, जपान, कोरिया अशा देशांतल्या तज्ज्ञांनी ठरवले. कळव्याच्या किंवा वर्तकनगरच्या आजींना ते कितपत लागू पडतात, हे इथेच मोजून पाहायला हवं.

परदेशातच असलं काम होतं, असं समजू नये. हाडाला चिवटपणा देणाऱ्या कोलॅजन या प्रथिनाची तिपेडी रचना जी. एन. रामचंद्रन यांनी 1954 च्या सुमारास मद्रासला बसून उलगडली. ते भौतिकशास्त्राचे. अभ्यासासाठी त्यांनी वापरली ती कांगारूच्या शेपटीतली कंडरा (स्नायू हाडाला जोडणारी दोरी), आणि मदत झाली ती शेजारच्या चर्मसंशोधन संस्थेची. माणसं आपापल्या खोलीबाहेर पडली की काय होतं ते यात दिसतं.

आता आपला बेत. सहा जण निवडायचे: तीन डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्ट, तीन जीवशास्त्राचे संशोधक. सहा महिने जोडीजोडीने काम. डॉक्टरांनी प्रयोगशाळेत दिवस काढायचे, संशोधकांनी वॉर्डात आणि ओपीडीत. प्रवासखर्च आणि मानधन मिळून प्रत्येकी दरमहा 10,000 रुपये, म्हणजे एकूण 3,60,000 रुपये. पकड मोजण्याची यंत्रं आणि नमुन्यांच्या तपासणीचा खर्च वेगळा. एखादं यंत्र घेऊन दिलंत तरी चालेल.

पैशाइतकीच माणसांची गरज आहे. संख्याशास्त्र शिकवलेले निवृत्त प्राध्यापक असतील तर त्यांनी आठवड्यातून दोन तास द्यावेत. मुलं बहुतेक तिथेच अडतात. संमतीपत्रं सोप्या मराठीत लिहून देणारं कुणी हवं आहे. सध्याचे नमुने वाचून वकीलसुद्धा सही करणार नाही. आणि साठीपुढच्या सभासदांनी पकड, चालण्याचा वेग मोजून घ्यायला यावं. सुई टोचायची नाही, उपाशीपोटी यायचं नाही.

कॅल्शियमच्या आणि हाडांच्या औषधांच्या कंपन्यांकडून पैसे घ्यायचे नाहीत, असं ठरलं आहे. यावर बैठकीत चांगलीच खडाजंगी झाली, पण निर्णय कायम आहे.

देणगी संघाच्या नावाने धनादेशाने किंवा कार्यालयात समक्ष, संध्याकाळी 5 ते 7 या वेळात द्यावी. आयकर सवलतीचं प्रमाणपत्र अजून आलेलं नाही, तेव्हा ती गृहीत धरू नये. जमाखर्च दर तिमाहीला फलकावर लागेल. छापील पावती घेतल्याशिवाय रोख रक्कम कुणाच्याही हाती देऊ नये, अगदी कार्यकारिणीतल्या माणसाच्याही नाही.

आपली,
कार्यकारिणी, ज्येष्ठ नागरिक संघ, ठाणे