पिकअपच्या कूलंट गळतीचे चुकीचे निदान आणि नाकारलेली वॉरंटी : तक्रार

प्रति,
प्रमुख, ग्राहक तक्रार विभाग

विषय : वॉरंटीतील डिझेल पिकअपचा विनाकारण बदललेला रेडिएटर व वॉटर पंपाचा नाकारलेला दावा

महोदय,

माझी पिकअप नारायणगावच्या बाजारातून टोमॅटो भरून ओतूर, माळशेजमार्गे वाशीला जाते. गाडी मीच चालवतो आणि घर तिच्यावरच चालते.

पावसाळा संपल्यापासून कूलंटची, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाची, बाटलीतली पातळी खालच्या खुणेच्याही खाली जाऊ लागली. गाडी रात्रभर उभी राहिली तरी जमिनीवर डाग नाही. परतीला मात्र घाटाखालचे मोरोशी सोडून चढ लागला की तापमानाचा काटा वर. आपल्या अधिकृत वर्कशॉपने पहिले कारण सांगितले ओव्हरलोडचे. माळशेज मी भरल्या गाडीने उतरतो आणि रिकाम्या क्रेटवर चढतो, मग ओव्हरलोड कसला? हे ॲडव्हायझरना तोंडावर सांगितले, तरी जॉबकार्डवर ‘हेवी लोड, घाट’ असेच लिहिले गेले.

त्यानंतर रेडिएटरचे झाकण बदलले. मग होज पाईपच्या क्लिपा आवळल्या. मग रेडिएटरच गळतोय म्हणून तो नवा बसवला आणि ‘दगड लागलाय, वॉरंटीत बसत नाही’ असे सांगून बिल माझ्या हातात दिले. जुना रेडिएटर मागितला तर तो भंगारात गेला होता. बाटलीतली पातळी पुढच्याच फेरीत पुन्हा खाली. शेवटी हेड गॅसकेट, म्हणजे इंजिनचे हेड आणि ब्लॉक यांच्यामधले सील, गेल्याचे सांगून हेड उतरवायचे एस्टिमेट दिले. ऑइलच्या झाकणाखाली साय नाही, सायलेन्सरमधून पांढरा धूर नाही, चालू इंजिनात रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे नाहीत, तरी हेड कशाच्या आधारावर उतरवायचे, हे कोणी सांगितले नाही. ‘घाटात चालणाऱ्या गाडीचे कूलंट थोडे उडतेच’ हे ऐकवले ते वेगळेच. कूलंट काय डिझेल आहे, जळून संपायला? बंद सर्किटमधून ते कमी होतेय म्हणजे कुठून तरी जातेय.

कुठून, ते गावातल्या मिस्त्रीने दाखवले. त्याने गाडी संध्याकाळी ठेवून घेतली, इंजिन पूर्ण थंड होऊ दिले आणि सकाळी स्टार्टर मारण्याआधी रेडिएटरच्या तोंडावर प्रेशर टेस्टरचा हातपंप लावला. झाकणावर छापलेल्या आकड्यापर्यंत हवा भरली. काटा हळूहळू उतरू लागला. त्याने खालचे प्लास्टिकचे गार्ड काढले तर त्यावर हिरवट-पांढरी खपली धरलेली. जमिनीवर डाग का पडत नव्हता ते तिथेच कळले. मग टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन त्याने मला वॉटर पंपाच्या पुलीमागे बघायला लावले. पंपाच्या अंगाला खाली बारीक भोक असते. आतले सील गेले की कूलंट बेअरिंगमध्ये न शिरता तिथून बाहेर यावे म्हणून कंपनीनेच ते ठेवलेले असते. त्या भोकाच्या तोंडाशी हिरवा थेंब जमत होता. बेल्ट उतरवून पुली हाताने हलवली तर तीही खेळत होती. या पंपाचे सील थंड असताना जास्त सोडते आणि इंजिन तापले की आलेला थेंब जागीच सुकतो, असे मिस्त्रीचे म्हणणे. तुमच्याकडे गाडी आत घेतली की आधी इंजिनसकट धुतात, मग तापवून बघतात. पुसलेला माग कुणाला दिसणार?

पंप बदलला, गळती थांबली. हेडला हातही लावावा लागला नाही.

पंपाचा दावा मात्र ‘सिस्टिममध्ये साधे पाणी आढळले’ म्हणून फेटाळला गेला. घाटात रात्री गाडी तापली तेव्हा तुमच्याच रोडसाइड असिस्टन्सच्या माणसाने फोनवर सांगितले होते की इंजिन थंड होऊ द्या, मिळेल ते पाणी भरा आणि जवळच्या वर्कशॉपला न्या. माळशेजमध्ये मध्यरात्री मिळेल ते पाणी म्हणजे प्यायच्या कॅनमधलेच. शिवाय गळती आधीची, पाणी नंतरचे. तारखा तुमच्याच जॉबकार्डांवर आहेत.

माझी मागणी अशी : रेडिएटरचे पैसे मजुरीसह परत मिळावेत. पंप आणि मिस्त्रीची मजुरी वॉरंटीत भरून मिळावी. गाडी वारंवार तापलेली आहे, तेव्हा कूलंटमध्ये एक्झॉस्टचा गॅस येतो का, ही तपासणी माझ्यासमोर विनाशुल्क करून तिचा निकाल लेखी द्यावा. सिस्टिम धुऊन तुमच्या मॅन्युअलमधल्या प्रमाणात नवे कूलंट भरून द्यावे आणि बाहेर काम झाले या सबबीवर इंजिनची वॉरंटी बंद केली जाणार नाही, हेही लिहून द्यावे. प्रेशर टेस्ट न करता रेडिएटर का बदलला, याचे उत्तर मला वर्कशॉपकडून नको, तुमच्याकडून हवे आहे.

‘गाडी व्यावसायिक आहे, तुम्ही ग्राहक नाही’ असेही काउंटरवर ऐकले. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ पाहावा. स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू त्यात व्यावसायिक वापरात धरत नाहीत. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून पुणे जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगात जाईन. मी राहतो त्याच जिल्ह्यात दाद मागायची सोय या कायद्यात आहे.

जॉबकार्डे, बिले, हेडचे एस्टिमेट आणि टेस्टर लावलेला असतानाचे फोटो सोबत आहेत. काढलेला पंप माझ्या घरी आहे. तुमच्या इंजिनिअरने येऊन तपासावा, पण पोच दिल्याशिवाय तो नेता येणार नाही.

आपला,
पिकअपमालक व चालक
नारायणगाव, ता. जुन्नर