सिंडरेलाचा पाय

प्रिय मनू,

अनेक आशीर्वाद.

तुझ्या कपाटातली ती चंद्रावरच्या राणीची पुस्तकं शेजारच्या मुलीला द्यायची म्हणून काढली खरी, पण मरिसा मेयरचं 'सिंडर', ते भविष्यातल्या सिंडरेलाचं पुस्तक, सहज उघडलं आणि संपेपर्यंत खाली ठेवलं नाही. तू शाळेत असताना मी ते तुझ्यामागून घाईघाईने वाचलं होतं. तेव्हा राजपुत्राला ती खरी कोण ते कधी कळतं, एवढीच उत्सुकता. या वेळी सगळी गुपितं ठाऊक होती, त्यामुळे निवांत वाचलं. (सिंडर म्हणजेच हरवलेली राजकन्या, हे पहिल्या वेळीही मी लवकरच ओळखलं होतं. लेखिका ते फारसं लपवतच नाही.)

सुरुवातच बघ ना. न्यू बीजिंगच्या बाजारात आपल्या टपरीत बसून ही पोरगी स्वतःच्या घोट्यातला गंजलेला स्क्रू काढतेय, कारण तिचा लोखंडी पाय तिला लहान होतोय. ग्रिमबंधूंच्या गोष्टीत सावत्र बहिणी बूट बसावा म्हणून एक अंगठा कापते, दुसरी टाच. इथे नायिकाच पाय काढून ठेवते, तोही पहिल्याच पानावर! आणि शेवटी राजवाड्याच्या पायऱ्यांवर बूट नाही, तोच लहानपणीचा पाय निखळून पडतो, वायरींसकट. सगळ्यांदेखत. पेरो या फ्रेंच लेखकाने १६९७ मध्ये काचेचा बूट आणला तेव्हापासून बूट जिला बसेल ती भाग्यवान. या मुलीला पायच बसत नाही. मला वाटतं, अख्खं पुस्तक या एका कल्पनेवर उभं आहे.

चीनमध्ये ही गोष्ट पेरोच्या कितीतरी आधीची, नवव्या शतकात लिहून ठेवलेली आहे. त्यातल्या ये शियानला परी भेटत नाही, एक मासा भेटतो. सावत्र आई तो मारून खाते, मग त्याच्या काट्यांकडे मागितलं की मिळतं. सिंडरकडे मासा नाही, इको आहे: राजपुत्राचं नाव काढलं की लाजणारी अँड्रॉइड, म्हणजे यंत्रमानव. सिंडरची सावत्र आई एड्री इकोचे सुटे भाग विकून टाकते, तिथे मी या वेळीही पुस्तक मिटून जरा वेळ बसले.

एड्रीबद्दल मात्र माझं मत थोडं हललंय. ती दुष्ट आहेच. सिंडर कायद्याने तिच्या मालकीची, पोरीची कमाई हिच्या हातात, आणि वर साथीच्या औषधाच्या प्रयोगांसाठी तिला देऊन टाकते. पण नवरा ही सायबॉर्ग, म्हणजे काही अंग यंत्राचं असलेली, मुलगी घरी घेऊन आला आणि साथीत गेला. मग तिची धाकटी मुलगी पिऑनीही त्याच साथीत. जुन्या गोष्टींमध्ये सावत्र आईला दुःख नसतंच, नुसता मत्सर असतो. हिला दुःख आहे आणि त्याचं काय करायचं ते तिला कळत नाही. माफ नाही करणार मी तिला. पण तू शाळेत होतीस तेव्हा मला ती नुसती खलनायिका वाटली होती.

साथीची पानं तर वेगळीच लागली. पुस्तक २०१२ चं. तेव्हा समोरच्या पाववालीच्या अंगावर डाग दिसताच बाजार रिकामा होतो, टपऱ्या जाळतात, आजाऱ्याला घरच्यांपासून तोडून नेतात, हे सगळं कल्पित होतं. २०२० नंतर ते तसं वाचता येत नाही. सिंडर औषध घेऊन पिऑनीपर्यंत पोचते, पण उशीर झालेला असतो. आणि तिला रडता येत नाही, डोळ्यांत तशी सोयच नाही. लेखिका तिथे एकही जादा वाक्य लिहीत नाही, हे मला फार आवडलं.

आता भांडण. ३६.२८ टक्के यंत्र असलेली, हाताला ग्रीस लागलेली मिस्त्रीण राजपुत्राला आवडते, इथपर्यंत गोष्ट जुन्या गोष्टीच्या पुढे गेली होती. मग ती राजघराण्यातलीच निघायला कशाला हवी? बुटाची अट काढली आणि मागच्या दाराने रक्ताची अट आणली. तू म्हणशील, शेवटी ती राजेशाहीच मोडीत काढायचं ठरवते. मान्य. पण त्यासाठी आठशेवर पानांचा चौथा भाग संपवावा लागतो, आणि तोवर मला त्या टपरीतल्या मुलीची आठवण येत राहते.

तुझं म्हणणं काय ते फोनवर नको, लिहूनच कळव. फोनवर तू मला बोलू देत नाहीस. सध्या दुसरा भाग, 'स्कार्लेट', सुरू केलंय. तिची आजी छान, पण तो वुल्फ मला अजूनही पसंत नाही. तिसऱ्या भागातली क्रेस येईपर्यंत त्याला सहन करते.

जेवणाची आबाळ करू नकोस.

तुझी,
आई