‘समजले ना?’ एवढे विचारणे पुरेसे नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रुग्णाने औषधे अर्ध्यावर सोडली, फेरतपासणीला तो आलाच नाही किंवा दुखणे हाताबाहेर गेल्यावर थेट तातडीच्या विभागात दाखल झाला, की ‘निष्काळजी माणूस’ असा शेरा आपण सहज मारतो. औषधनिर्माता म्हणून औषधांच्या खिडकीमागे बरीच वर्षे काढल्यावर मला हा शेरा अन्यायाचा वाटतो. खिडकीशी येणाऱ्या अनेकांना नेमके काय करायचे आहे हेच उमगलेले नसते आणि तसे बोलून दाखवण्याचा संकोच त्यांना आजाराइतकाच छळत असतो.

२००६ साली अमेरिकेत ३९५ रुग्णांच्या पाहणीवर आधारित एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ‘दोन गोळ्या दिवसातून दोन वेळा घ्याव्यात’ ही बाटलीवरची सूचना कमी वाचनक्षमता असलेल्या रुग्णांपैकी सुमारे ७१ टक्के जणांनी बरोबर सांगितली; पण दिवसभरात घ्यायच्या गोळ्या प्रत्यक्ष मोजून दाखवा म्हटल्यावर अचूक चार गोळ्या काढणारे जेमतेम ३५ टक्के निघाले. सूचना वाचता येणे आणि तिचा अर्थ कृतीत उतरणे यांतले हे अंतर आपण कधी मोजतच नाही.

हा केवळ निरक्षरांचा प्रश्न आहे, असे मात्र कोणी समजू नये. उत्तम शिकलेला माणूसही तपासणीचा अहवाल ‘पॉझिटिव्ह’ आला म्हणजे चांगले झाले असे समजू शकतो, कारण एरवीच्या बोलण्यात त्या शब्दाचा अर्थ तसाच असतो. याहून खोलवर रुजलेली समजूत अशी, की औषध हे त्रास घालवण्यासाठी असते आणि त्रास गेला की त्याचे काम संपले. डोकेदुखीच्या बाबतीत ती खरी ठरते. उच्च रक्तदाबात मात्र तीच घात करते, कारण तिथे बहुधा त्रास जाणवतच नाही आणि गोळी चालू असते म्हणूनच आकडा आटोक्यात असतो. ‘आता बीपी नॉर्मल आहे, म्हणून गोळी बंद केली’ हे वाक्य मी असंख्य वेळा ऐकले आहे आणि सांगणाऱ्याच्या चेहऱ्यावर दर वेळी समाधानच पाहिले आहे. क्षयरोगात खोकला आणि ताप काही आठवड्यांत उतरतो, पण नेहमीचा उपचार सहा महिन्यांचा असतो. मध्येच थांबवल्यास आजार उलटण्याचा आणि जंतू औषधांना दाद न देण्याचा धोका असतो. दम्याच्या रुग्णाला तात्काळ आराम देणारा पंप आवडतो आणि रोज घ्यायचा, दाह कमी ठेवणारा पंप ‘गुण येत नाही’ म्हणून कपाटात पडून राहतो. या माणसांचा तर्क चुकलेला नसतो. तो तर्क ज्या माहितीवर उभा राहायला हवा, ती त्यांच्यापर्यंत पोहोचलेली नसते.

आरोग्यविषयक समज तोकडी असलेल्यांना रुग्णालयात अधिक वेळा दाखल व्हावे लागते, तातडीच्या सेवेचा आधार अधिक घ्यावा लागतो आणि कर्करोगाची प्राथमिक तपासणी किंवा फ्लूची लस यांसारख्या प्रतिबंधक सेवा त्यांच्याकडून कमी वापरल्या जातात, असे अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या २०११ च्या लेखातही नोंदवलेले आहे.

मग उपाय काय? अधिक पत्रके छापणे, हे त्याचे उत्तर नव्हे. डॉक्टरांच्या खोलीत ऐकलेल्या माहितीपैकी ४० ते ८० टक्के माहिती रुग्ण लगेच विसरतात, असे संशोधन सांगते आणि आजाराचे नाव ऐकून धास्तावलेल्या माणसाकडून दुसरी अपेक्षाही करता येत नाही. अशा वेळी ‘समजले ना?’ या प्रश्नाला ‘हो’ याखेरीज उत्तर येतच नाही. त्याऐवजी, सांगितलेले रुग्णाकडून त्याच्याच शब्दांत परत सांगून घ्यावे. ‘टीच-बॅक’ या नावाने ही पद्धत अनेक ठिकाणी शिकवली जाते. मात्र ती रुग्णाची परीक्षा होता कामा नये. ‘मी नीट सांगितले की नाही, ते मला पाहायचे आहे’ एवढे आधी म्हटले, की रुग्णाचा संकोच बराचसा गळून पडतो आणि चुकल्यास ते पुन्हा, अधिक सोप्या शब्दांत सांगण्याची जबाबदारी आपोआप सांगणाऱ्याकडे येते.

गर्दीत एवढा वेळ कुठून आणायचा, असा आक्षेप माझे सहकारी घेतात आणि त्यांच्यावरचा ताण मी जाणतो. परंतु खिडकीशी वाचवलेला एक मिनिट पुढे रुग्णालयातल्या कित्येक दिवसांनी भरून द्यावा लागू शकतो. म्हणून डॉक्टर, परिचारिका आणि औषधनिर्माते या सर्वांना माझी विनंती आहे, की निदान नवे औषध सुरू करताना तरी रुग्णाला एवढे जरूर विचारावे : ‘घरी गेल्यावर ही गोळी कधी, किती आणि कुठवर घेणार, ते मला एकदा सांगाल का?’

आपला विश्वासू,
एक औषधनिर्माता