चढलेला चढ सोडून मागे आलेल्या बाईंना

आदरणीय बाई,

सादर नमस्कार.

रत्नागिरीहून परत येऊन आज नऊ दिवस झाले. पाच दिवसांत सुमारे अडीचशे किलोमीटर सायकल चालवून आम्ही चौघीजणी सुखरूप घरी आलो, हे फोनवर सांगितले तेव्हा तुम्ही "छान झाले" एवढेच म्हणालात आणि माझे आभार पुरते ऐकून न घेता गुडघ्याची चौकशी करू लागलात. म्हणून हे पत्र सर्वांसमोर लिहीत आहे.

वयाच्या ५३व्या वर्षी सायकलवरून कोकणात जायचे ठरवले, तेव्हा शरीर तयार करण्यासाठी कोणाची तरी मदत लागणार हे मला ठाऊक होते आणि पैसे मोजले की ती मिळते अशी माझी समजूत होती. एका व्यायामशाळेने वर्षाची फी एकरकमी घेतली आणि पहिल्या आठवड्यानंतर माझ्याकडे कोणी फिरकले नाही. सायकल घेतली त्या दुकानात सीट किती उंच हवी, हे पाहण्याची तसदी कोणी घेतली नाही. गुडघा दुखू लागल्यावर एका दवाखान्यात गेले, तर गुडघ्याला हातही न लावता, केसपेपरवरचे वय वाचून "आता सायकल विसरा" असे सांगण्यात आले. पण सर्वांत जास्त लागले ते दर रविवारी सायकलने घाट चढणाऱ्या एका गटाचे वागणे. "आम्ही वर थांबतो" असे सांगून सगळे पुढे जात आणि मी धापा टाकत पोचेपर्यंत चहा पिऊन निघून गेलेले असत. मला कोणी वावगे बोलले नाही. मी त्यांच्या हिशेबातच नव्हते, आणि ते मला बोलण्यापेक्षा अधिक बोचत राहिले.

तो सप्टेंबरमधला रविवार होता. २०१२ साली कासचे पठार जागतिक वारशाच्या यादीत गेले, तेव्हापासून फुलांच्या दिवसांत यवतेश्वरच्या घाटात गाड्यांची रीघ लागते, तशी ती त्या दिवशीही लागली होती. गट केव्हाच दिसेनासा झाला होता. एका वळणावर गुडघ्यातून अशी कळ आली की मला उतरावेच लागले. ओला रस्ता, धुके, पाठीमागे हॉर्न, आणि एका गाडीतून आलेली "काकू, ढकला, ढकला" ही आरोळी. तुम्ही थोड्या वेळापूर्वीच मला ओलांडून वर गेला होतात. तेव्हा आपली ओळख नव्हती, जाताना तुम्ही केवळ मान हलवली होती. मी खाली मान घालून सायकल ढकलत होते, एवढ्यात वरून तुम्ही परत येताना दिसलात. मला वाटले, तुमचा फेरा संपला असेल. तुम्ही माझ्यापाशी थांबलात, सायकल वळवलीत, खाली उतरलात आणि माझ्या उजव्या अंगाने, म्हणजे गाड्यांच्या बाजूने, सायकल हातात धरून चालू लागलात.

बाई, सायकलने घाट चढलेल्या माणसालाच याचे मोल कळेल. एकेक पायडल मारून मिळवलेली वळणे कोणी सहजासहजी सोडत नाही, कारण ती पुन्हा चढायची असतात. तुम्ही वर थांबून माझी वाट पाहिली असती, तरी मी तुमचे उपकार मानले असते. तुम्ही तर खाली आलात, आणि तेही कोणा अनोळखी बाईसाठी, पासष्टी ओलांडलेल्या वयात. मदत करणारी माणसे आपल्या साताऱ्यात पुष्कळ आहेत, पण आपण उभे आहोत तिथूनच हात पुढे करायची आपल्याला सवय असते. समोरच्यापर्यंत जाण्यासाठी आपली जागा सोडणारे माणूस मला त्या दिवशी, बऱ्याच वर्षांनी भेटले.

त्या वाटेवर तुम्ही गुडघ्याचा विषयही काढला नाहीत. दरडीवरचा गुलाबी तेरडा दाखवत, मी दमले की बोलणे थांबवत, माझ्या चालीने चालत राहिलात. सपाट जागा आल्यावर राजगिऱ्याची वडी मोडून तिचा मोठा तुकडा माझ्या हातावर ठेवलात, तेव्हा मला रडू आवरले नाही. मग मला कठड्याला धरून सायकलवर बसायला लावलेत, टाच पायडलवर ठेवायला सांगितलीत आणि स्वतः ओल्या रस्त्यावर उकिडव्या बसून माझा पाय पाहू लागलात. पायडल अगदी खाली असतानाही माझा गुडघा पुष्कळ वाकलेला होता. "सीट खाली आहे तुमची. सगळा भार वाटीवर येतोय," असे म्हणून तुम्ही पिशवीतला पान्हा काढलात, टाचेवर पाय सरळ होईपर्यंत सीट दोन बोटे वर घेतलीत आणि दांडीवर खुणेसाठी लाल चिकटपट्टीचा एक वेढा दिलात. ज्या दुखण्यापायी मला सायकल विसरायला सांगितले गेले होते, त्याचे कारण पाहायला पाच मिनिटेही लागली नाहीत. ती पट्टी अजून तिथेच आहे. कडा सुटल्या आहेत, पण मी ती काढलेली नाही.

पुढचे तीन महिने तुम्ही माझ्यासाठी काय केलेत, याची जंत्री इथे देत नाही. आधी संगम माहुलीपर्यंतच जाऊन यायचे, मग कोरेगाव, आणि दर आठवड्याला आधीच्या अंतराच्या एक दशांशाहून अधिक वाढवायचे नाही, हा तुमचा नियम मला सुरुवातीला फार सावध वाटला होता. चढावर तेराचा पाढा मोठ्याने म्हणायचा आणि दम लागून तो तुटला की हलका गिअर घ्यायचा, ही शाळेच्या मैदानावर आयुष्य घालवलेल्या क्रीडाशिक्षिकेची युक्ती तर आमच्या चौघींच्याही अंगवळणी पडली. नोव्हेंबरपासून शनिवार-रविवार सलग चालवायला लावलेत, कारण प्रवासात खरी परीक्षा दुसऱ्या दिवशीच्या दमलेल्या पायांची असते. अजिंक्यताऱ्याचा रस्ता एकाच सकाळी दोनदा चढायला सांगितलात, तेव्हा मात्र मी मनातून नाराज झाले होते.

त्याचे कारण कोकणात समजले. सगळ्यांनी मला कुंभार्ली घाटाची भीती घातली होती. पण पाटण, कोयनानगरकडून जाताना घाट उतरायचा असतो, आणि तिथे पायांपेक्षा ब्रेक धरून धरून मनगटेच दुखतात. कस लागला तो गुहागर सोडल्यावर. त्या रस्त्यावर खाडी आली की उतार आणि खाडी मागे पडली की उभा चढ, असे दिवसभर चालते. हेदवीच्या पुढे तवसाळच्या फेरीबोटीकडे जाताना अशाच एका चढावर माझी धाकटी जाऊ मागे राहिली. मी दोन वळणे पुढे होते. मागे पाहिले, तर ती सायकलवरून उतरून उभी होती.

तुम्हाला खरे सांगते, मी लगेच वळले नाही. हात ब्रेकवर गेला होता, पण तेवढा चढ पुन्हा चढायचा, या विचाराने मन मागे सरत होते. पाच-सहा श्वासांनंतर मी सायकल वळवली. खाली गेले, उतरले, आणि तिच्या उजव्या बाजूने चालू लागले. त्या पाच-सहा श्वासांत मला तुम्ही जशा आठवलात, तशा त्या रविवारीही समजला नव्हतात. यवतेश्वरच्या वळणावर तुम्हालाही असे थबकावे लागले होते का, हे मला तुम्हाला विचारायचे आहे.

गुहागरहून तुमच्यासाठी आमसुले आणली आहेत. रविवारी सकाळी सहाला तुमच्या फाटकापाशी येते. सीटच्या दांडीवरची पट्टी नवी लावावी लागेल, आणि ती तुमच्याच हातून लावून घ्यावी अशी माझी इच्छा आहे.

तुमची कृतज्ञ,
यवतेश्वरच्या घाटात भेटलेली विद्यार्थिनी
सातारा