मकावच्या त्या मावशींचे आभार
सेनादो चौकाजवळच्या बसथांब्यावर आईला आणि मला मदत करणाऱ्या मावशींचे मनापासून आभार. मकावात हाँगकाँगच्या फेरीबोटींचे धक्के दोन. आमचं तिकीट ताइपा धक्क्याचं, आणि आम्ही निघालो होतो दुसऱ्याच, बाहेरच्या बंदराच्या धक्क्याकडे! मावशींनी तिकीट पाहून आम्हाला थांबवलं, ड्रायव्हरला दाखवायला चिनी अक्षरांत धक्क्याचं नाव लिहून दिलं. बसचं भाडं माणशी ६ पटाका (मकावचं चलन), दारातल्या पेटीत टाकायचं, उरलेले परत मिळत नाहीत. आमच्याकडे फक्त शंभराची नोट. मावशींनी बटव्यातून १२ पटाकांची नाणी मोजून आईच्या तळहातावर ठेवली आणि तिची बोटं हळूच मिटवली. नोट काही घेतली नाही. फेरी मिळाली, मावशी. चिठ्ठी आईने जपून ठेवलीय.