दक्षिण गोलसमोरच्या गवतासाठी आवाहन

सप्रेम नमस्कार,

घाईत लिहितो आहे, चूकभूल द्यावी-घ्यावी. गेल्या घरच्या सामन्यात आपला गोलरक्षक दक्षिण गोलसमोर दोनदा घसरला, हे सगळ्यांनी पाहिलं. दोष त्याचा नव्हता. तिथे गवतच उरलेलं नाही.

हे स्टेडियम तुमच्या बळावर उभं राहिलं, याचा समितीला विसर पडलेला नाही. जुन्या मैदानावर मातीच्या उतारावर उभं राहून सामने पाहणाऱ्या पिढीने पदरमोड करून पाया घातला. वाहतूकदार मंडळींनी वाळूच्या खेपा एक पैसा न घेता टाकल्या. आज १०५ बाय ६८ मीटरच्या मैदानावर पाणी साचत नाही ते त्या वाळूमुळे आणि तिच्याखालच्या खडी-नळ्यांमुळे. चाकाच्या खुर्चीवरच्या प्रेक्षकांसाठी उंच ओटा करून देणाऱ्या भगिनींचे उपकार तर फेडता येणार नाहीत. पुढची रांग गोल झाल्यावर उभी राहिली तरी त्यांना मैदान दिसतं. आणि शाळेच्या मुलांनी खाऊच्या पैशांचा जो डबा आणून दिला होता, तो अजून कार्यालयाच्या कपाटात आहे. रिकामा आहे, पण टाकवत नाही.

आता अडचण अशी की ज्या छपराचा आपल्याला अभिमान, तेच गवताच्या मुळावर आलं आहे. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कलतो आणि दक्षिण स्टँडची सावली पेनल्टी बॉक्सवर, म्हणजे गोलरेषेपासून साडेसोळा मीटरपर्यंत, दिवसभर पडून राहते. चारही बाजू बंद असल्याने वारा खेळत नाही, दव लवकर वाळत नाही, मग बुरशी धरते. आपलं गवत हरळीचं, तुमच्याआमच्या दूर्वाच. उन्हात ती कितीही तुडवली तरी पुन्हा फुटते, सावलीत मात्र खंगत जाते. मोठ्या क्लबांकडे अशा जागी उन्हाऐवजी गवतावर प्रकाश पाडायला, रात्रंदिवस फिरवता येणारे चाकांच्या सांगाड्यावरचे दिवे असतात. आपल्याला निदान एक सांगाडा हवा, शिवाय वरून पसरायला बारीक धुतलेली वाळू आणि गोलसमोरच्या पट्ट्यासाठी तयार हिरवळीच्या गुंडाळ्या.

थोडं मनातलं. मागच्या मोसमात सामन्यानंतर उखडलेले गवताचे ढलपे पुन्हा जागेवर बसवायला या, असं सांगितलं होतं. आदल्या संध्याकाळी स्टँड खच्चून भरला होता. सकाळी आम्ही चौदा जण होतो, त्यातले चार माळीकाका. कोणाला बोल लावायचा नाही, पण वाईट वाटलं. ढलपा ओला असताना बसवला तर मूळ धरतो, दुपारपर्यंत तो वाळून जातो. म्हणून सकाळचीच वेळ.

तपशील: ढलपे बसवायला येत्या रविवारी स. ७ वा., पश्चिमेचं दार क्र. ४. सपाट तळाचे बूट, स्टड नकोत. बागेचा काटा असल्यास आणावा. लहान मुलं पालकांसोबत. देणगी रोख अथवा चेकने, कार्यालयात संध्या. ६ ते ८, पावती घ्यावीच. वाळू देणाऱ्यांनी आधी नमुना दाखवावा, खारी वाळू चालणार नाही. फोन नंबर सभासदपत्राच्या मागे आहे. पुढचा घरचा सामना तीन आठवड्यांवर आहे आणि गुंडाळ्या मुरायला तेवढे दिवस लागतातच, तेव्हा उशीर करू नये.

आपला,
सचिव
(मैदान समितीच्या वतीने)