फरशीवर बसलेल्या डॉक्टरीणबाईंना

मॅडम,

काल संध्याकाळी मी माझा अंबाडा माझ्या हातांनी बांधला. दोन्ही हात मानेमागे नेले, केसांना पीळ दिला, पिना खोचल्या. उजवा हात थोडा थरथरला, पण खाली आला नाही. नऊ वर्षं हे काम लेक करत होती. ती दारात उभी राहून बघत होती. काही न बोलता आत गेली आणि तिनं चहा ठेवला. मी तिथंच बसून रडले. रात्री पडल्या पडल्या ठरवलं की हे तुम्हाला लिहायचं, आणि चारचौघांना वाचता येईल असं लिहायचं. तुम्ही सुया टोचून उपचार करता, ॲक्युपंक्चर म्हणतात ते. तुमचं नाव घालायचं नाही ही तुमची अट आहे, ती पाळते. मी सांगितलं, लेकीनं टाइप केलं.

आपल्या सोलापुरात गणवेश शिवणाऱ्या बायका घरोघरी आहेत, त्यातलीच मी एक. या कामात माझी 27 वर्षं गेली. मार्च ते जून सीझन. त्या दिवसांत दहा-अकरा तास मान खाली आणि पाय मशीनवर. पगार नसतो, नगावर पैसे, म्हणजे हात थांबला की पैसे थांबले. 2014 च्या सीझनला उजव्या खांद्याच्या फऱ्यापाशी कळ सुरू झाली. ती मानेत चढली आणि दंडावरून उतरून अंगठ्यापर्यंत मुंग्या घेऊन आली. जून संपला, पोरं नवे गणवेश घालून शाळेत गेली, कळ मात्र राहिली.

कूस बदलायची तर आधी डाव्या हातानं डोकं धरायचं आणि मग अंग वळवायचं, असं मी नऊ वर्षं झोपले. रिक्षात बसले की पुढचा खड्डा कुठं आहे तेच बघायची. लग्नाकार्यात वाकून वाढणं जमेना म्हणून जाणं कमी केलं, तर नात्यातल्या बायका म्हणाल्या, हिला आता माणसं नकोशी झालीत. ते कळीपेक्षा जास्त लागलं.

उपचार केले नाहीत असं नाही. गोळ्या झाल्या, शेक झाला, गळ्यात पट्टा झाला. एकानं मान कटकन मोडून दिली, त्यानंतर चार दिवस उठता आलं नाही. पैसे साठवून मोठ्या शहरातल्या मोठ्या दवाखान्यात गेलो. अडीच तास बाकावर बसलो. आत गेल्यावर डॉक्टरांनी एमआरआयची फिल्म उजेडात धरली, "गॅप कमी झालाय, नस दबलीय, शिवणकाम सोडा," म्हणाले आणि पुढच्याला बोलावलं. त्यांनी माझ्या मानेला हात लावला नाही. हात जाऊ दे, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. शिवणकाम सोडून घर कसं चालवायचं, हे विचारायला मी तोंड उघडलं होतं, तेवढ्यात दुसरा पेशंट खुर्चीजवळ येऊन उभा राहिला. दुसऱ्या एका ठिकाणी रिपोर्ट चाळून सांगितलं, "एवढं दुखण्यासारखं यात काही नाही, मनाला लावून घेता तुम्ही." नवऱ्यासमोर सांगितलं. त्या दिवसापासून घरात मी कण्हले की सगळे गप्प होत. ती शांतता काय असते ते मी सांगू शकणार नाही.

त्या दोघांवर माझा अजून राग आहे. त्यांना रोग बरा करता आला नाही म्हणून नाही, ते कुणाच्याही हातात नसतं. पण बाई खरं बोलते आहे एवढं मानायला पैसेही लागत नाहीत आणि वेळही लागत नाही.

तुमच्याकडे यायच्या आधी मी आणखी एका सुया टोचणाऱ्या ठिकाणी गेले होते, हे तुम्हाला सांगितलं नव्हतं. तिथं आत जायच्या आधीच 30 वेळांचं पॅकेज आणि शंभर टक्के गुण येण्याची हमी. अर्धे पैसे आगाऊ. मी तशीच परत आले. त्यामुळे कामावरच्या अक्कांनी मागच्या श्रावणात तुमचा पत्ता दिला तेव्हा मी महिनाभर तो पिशवीतच ठेवला.

शिवाय सुईची भीती. लोकांना वाटतं शिवणाऱ्या बाईला सुईची कसली भीती. पण मशीनची सुई माझ्या तर्जनीतून आरपार गेलेली आहे, नखातून आत आणि खालून बाहेर. ती 14 नंबरची होती. पहिल्या दिवशी मी हे बोलले, तेव्हा तुम्ही सुईचं पाकीट फोडून एक सुई माझ्या तळहातावर ठेवलीत. म्हणालात, "तुमची 14 नंबरची 0.90 मिलिमीटर जाड असते, ही 0.25 आहे. इंजेक्शनसारखी पोकळ नाही, भरीव आहे. एकदा वापरली की टाकायची." तुम्हाला माझ्या सुईचा नंबर आणि जाडी माहीत होती! मागाहून कळलं की तुमची आई घरी ब्लाउज शिवायची.

मग तुम्ही मला स्टुलावर बसवून मशीनवर कशी बसते ते करून दाखवायला सांगितलंत. मी हवेत कापड धरलं, हवेत पाय चालवला. तुम्ही माझ्या मागून, बाजूनं, पुढून बघितलंत. मशीनच्या मागच्या पायांखाली लाकडाचे ठोकळे घाला, टेबल आपल्याकडे कलतं झालं की मान कमी वाकेल, असं सांगितलंत. तोपर्यंत एकही सुई टोचलेली नव्हती.

आता ज्यासाठी हे पत्र आहे ते लिहिते.

मी पालथी झोपले होते. टेबलाला चेहऱ्यासाठी एक भोक असतं, तोंड त्यात. मानेत, खांद्यावर आणि हाताच्या बेचक्यात सुया होत्या. टोचताना मुंगी चावल्यासारखं वाटलं, मग आत कुठंतरी जड, ओढल्यासारखं झालं. "असंच व्हायला पाहिजे," तुम्ही म्हणालात. वीस मिनिटं हलायचं नाही. खाली मला फक्त फरशी दिसत होती, करड्या रंगाची, एका कोपऱ्यात टवका उडालेली. आणि मला एकदम भरून आलं. दुखत नव्हतं. का ते अजून सांगता येत नाही. नऊ वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी बरोबर त्या जागेवर बोट ठेवलं होतं, कदाचित म्हणून असेल. पाणी डोळ्यांतून नाकावर, नाकाच्या शेंड्यावरून खाली फरशीवर. नाक चुरचुरायला लागलं. हात हलवता येईना. हाक मारायची लाज वाटत होती.

तुम्हाला फरशीवरचे थेंब दिसले असणार. तुम्ही काही विचारलं नाहीत. तुमची पावलं दिसली, मग गुडघे, मग साडीचा घोळ सावरून तुम्ही त्या थंड फरशीवर मांडी घालून बसलात. खाली वाकून भोकातून वर बघितलंत. तुमचा चेहरा माझ्या चेहऱ्याखाली, वीतभर अंतरावर. रुमालानं आधी माझं नाक पुसलंत, मग डोळे. लहान पोराचं पुसतात तसं, हळू. आणि म्हणालात, "दुखतंय ना ताई. किती वर्षं एकटीनं सोसलंत." 

नंतर उरलेला सगळा वेळ तुम्ही तिथंच बसून होतात. बाहेर माणसं होती, मला आवाज येत होते. तुम्ही उठला नाहीत. मधेच मी विचारलं, पाय अवघडले नाहीत का? तर म्हणालात, अवघडले की सांगेन.

मॅडम, डॉक्टर माणूस खुर्चीत असतं आणि आपण स्टुलावर. ते उभं असतं आणि आपण आडवं. आपल्या चेहऱ्याच्या खाली येऊन बसलेला डॉक्टर मी तोपर्यंत बघितला नव्हता. घरी येऊन मी नवऱ्याला एवढंच सांगितलं की त्या फरशीवर बसल्या. त्याला आधी कळलं नाही. मग सगळं सांगितलं तेव्हा तो बराच वेळ खाली बघत राहिला, आणि त्या रात्री त्यानं पहिल्यांदा विचारलं, "नेमकं कुठं दुखतं तुझं?"

गुण आला का, असं मला आता लोक विचारतात. खरं सांगते. आधी दहात नऊ दुखायचं, आता तीन-चार दुखतं. सीझनमध्ये पाच. मुंग्या कधीतरी येतात. गोळी आठवड्यातून एखादी. रात्री सलग पाच तास झोप लागते, आणि नऊ वर्षांनंतर पाच तास म्हणजे काय हे झोप गेलेल्यालाच विचारा. तुम्ही हमी दिली नव्हतीत. सहा वेळा करून बघू, फरक नसला तर थांबू, उगाच पैसे घालवू नका, असं म्हणाला होतात. हाताची पकड गेली, वस्तू गळून पडायला लागली, तर माझ्याकडे येऊ नका, त्याच दिवशी हाडांच्या नाहीतर मेंदूच्या डॉक्टरकडे जा, हे कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दिलं होतंत. तो कागद अजून कपाटाच्या दारावर आहे.

आणि त्या जर्मनीच्या अभ्यासाचं. मी विचारलं होतं, हे सगळं खरं आहे का हो? दुसऱ्या कुणाला राग आला असता. तुम्ही पेन्सिल घेऊन मला दहावी पास बाईला समजेल असं मांडून दाखवलंत. 2007 मध्ये छापून आलेला अभ्यास, कंबरदुखीची 1,162 माणसं, तीन गट. नेमक्या जागी सुया टोचलेल्यांत सहा महिन्यांनी 100 पैकी सुमारे 48 जणांना चांगला फरक. मुद्दाम भलत्याच जागी, वरवर टोचलेल्यांत 44. नुसती औषधं आणि व्यायाम करणाऱ्यांत 27. "म्हणजे सुई गोळ्यांपेक्षा बरी ठरली," तुम्ही म्हणालात, "पण जागेचं महत्त्व किती, यावर वाद आहे. तुम्हाला बरं वाटलं तर त्यात सुईचा वाटा किती आणि बाकीचा किती, हे मला सांगता येणार नाही." आपल्याच धंद्याबद्दल असं बोलणारं माणूस मी कापडाच्या बाजारातसुद्धा क्वचित बघितलंय.

मला त्या 44 जणांचा विचार येत राहतो. चुकीच्या जागी टोचूनही त्यांना बरं वाटलं. त्यांच्याजवळ कुणीतरी अर्धा तास थांबलं असेल, अंगाला हात लावला असेल, कुठं दुखतं ते विचारलं असेल. मी फार शिकलेली नाही, चूक असेल तर सांगा. पण मोठ्या दवाखान्यातल्या त्या डॉक्टरांनी एवढं केलं असतं, तर त्यांच्या गोळीलाही जास्त गुण आला असता असं मला वाटतं.

तुमच्या बाहेरच्या खोलीतला फोटोही मला तिथं थांबता थांबता ओळखीचा झाला. युद्धात मदतीला चीनला गेलेले पाच भारतीय डॉक्टर, 1938. त्यातले आपले डॉ. द्वारकानाथ कोटणीस मला माहीत होते. सोलापूरच्या माणसाला भैय्या चौकातलं त्यांचं स्मारक माहीत असतंच. पण ते सुया टोचायचे नाहीत, शस्त्रक्रिया करणारे होते, हे तुमच्याकडून कळलं. ते तिथंच जखमी सैनिकांची सेवा करत राहिले आणि 9 डिसेंबर 1942 ला गेले, अवघे 32 वर्षांचे. सुया आणल्या त्याच फोटोतल्या डॉ. बिजॉयकुमार बसूंनी. ते 1958 मध्ये परत चीनला गेले, तिथं ही विद्या शिकले आणि कोलकात्याला येऊन लोकांना उपचार देऊ लागले. तुम्ही त्या दोघांकडे बोट दाखवून म्हणालात, एक गेला आणि एक परत आला, म्हणून हे आपल्यापर्यंत आलं. मी आता भैय्या चौकातून जाताना हात जोडते.

हे वाचून कुणी सुया टोचून घ्यायला निघालं तर एक सांगते. महाराष्ट्रात या उपचाराचा 2015 चा कायदा आहे, परिषद आहे, नोंदणी असते. ती बघायला मागा. मॅडमच्या भिंतीवर ती फोटोच्या शेजारी टांगलेली आहे. जो हमी देईल त्याच्याकडे जाऊ नका, जो तुमच्या चालू गोळ्या परस्पर बंद करायला सांगेल त्याच्याकडे तर मुळीच नाही.

चांगुलपणा मी आयुष्यात बघितलेला आहे, नाही असं नाही. सीझनला ताप भरला तेव्हा शेजारच्या मशीनवरच्या बाईनं माझं बंडल तिच्या बंडलाच्या आधी पूर्ण करून माझ्या नावावर लावलं होतं. काज-बटण करणारा म्हातारा कारागीर माझा डबा रोज स्वतः उचलून आणून द्यायचा, कधी बोलला नाही. अशी माणसं बोलत नाहीत, म्हणून त्यांची नोंद कुठं होत नाही. तुमची तरी व्हावी.

या पत्रासोबत एक पिशवी पाठवते आहे. टेबलाच्या त्या भोकाला तुम्ही कागद लावता, तो ओला झाला की गालाला चिकटतो. त्यासाठी सहा खोळी शिवल्यात, मऊ मलमलच्या, दुपदरी. माप त्या गुरुवारी तुम्ही हात धुवायला गेलात तेव्हा वितीनं घेतलं होतं. शिवण बाहेरच्या अंगाला ठेवलीय, चेहऱ्याला लागणार नाही. नाडी खालून बांधायची. कापड आधी भिजवून वाळवून घेतलंय, गरम पाण्यात धुतलं तरी आटणार नाही.

तुमची,
गुरुवारची चार वाजताची पेशंट